लाल रेघेचं चाक

प्रिय मुकुंदा,

तुझ्या बायकोच्या देव्हाऱ्यासमोर पाटावर मांडलेलं मोटारीचं चाक काल मला बाहेर काढायला लावावं लागलं. त्याला हार घातलेला होता, पुढे नारळ होता, आणि आतून तडा गेलेला होता. तडा सगळ्यांनी पाहिला होता, पण त्याला तडा म्हणायला कोणी तयार नव्हतं. सगळे त्याला तुझा निरोप म्हणत होते. म्हणून लिहायला बसले.

तू असतास तर फोनवर झापलं असतं आणि विषय मिटला असता. आता झापायलाही कागद लागतो.

मुकुंदा, तू गेल्यापासून सगळ्यांना तुझ्या मनातलं कळायला लागलं आहे. तुझ्या हाताखालच्या गजाननला कळतं, तुझ्या कविताला कळतं, नांदेडच्या रोहितला तर माझ्याहून जास्त कळतं. असतास तेव्हा तुझ्या तोंडातून शब्द काढायला मला अर्धा तास लागायचा. आता तुझ्या नावानं जो तो बोलतो, आणि मी काही विचारलं तर म्हणतात, "बाई, हे तुम्हाला नाही कळायचं." मला? तुला अंगणात चालायला शिकवलं ती मी.

तू पुण्याची नोकरी सोडून आलास आणि कळमनुरीत अलॉय चाकांचं वर्कशॉप काढतो म्हणालास, तेव्हा मी विचारलं होतं, "इथं? बैलगाडीच्या चाकाला कोण रंग देऊन घेणार?" तू हसलास आणि घरामागं पत्र्याचं शेड उभारलंस. वर्षाच्या आत नांदेडहून, परभणीहून, पार हैदराबादहून गोणपाटात शिवलेली चाकं ट्रॅव्हल्सच्या पोटातून यायला लागली. फाट्यावरच्या चहावाल्याला ड्रायव्हर विचारायचे, "चाकवाले दादा कुठं राहतात?" मला अभिमान वाटायचा. हे तोंडानं सांगायची आपल्या घरात पद्धत नाही, तुला माहीत आहे.

तुझ्या कामाची एक ठरलेली रीत होती. जुना रंग उतरवायचा, वाळूच्या फवाऱ्यानं धातू उघडा करायचा, रस्त्यातल्या दगडांना घासून खरवडलेल्या कडा सारख्या करायच्या, मग भुकटीचा रंग उडवून चाक भट्टीत भाजायचं. लग्नाच्या गाडीचं असो की शर्यतीच्या ट्रॅकवर पळवायच्या गाडीचं, रीत तीच. फरक फक्त रंगात. ट्रॅकच्या चाकाला तू पांढराच द्यायचास. गिऱ्हाईक काळा मागायचं आणि तू म्हणायचास, "काळा वरातीला. ट्रॅकला पांढरा. पांढऱ्यावर ऐब दिसतो."

यावरून रोहित तुझ्याशी किती भांडला. लाडका होता तुझा. बापाच्या बियाण्याच्या दुकानात बसायचं सोडून त्यानं एक जुनी गाडी घेतली, आतली गादी, गालिचा, सगळं उपटून काढलं आणि ती दक्षिणेतल्या ट्रॅकवर पळवायला नेऊ लागला. एकदा तुलाही घेऊन गेला. परत आल्यावर तू माझ्या ओट्यावर बसून सांगत होतास, की सरळ रस्ता संपून वळण आलं की तो असा ब्रेक दाबतो की चाकाच्या आतली थाळी तापून लाल होते, आणि तेवढं सगळं वजन, तेवढा सगळा वेग पुढच्या दोन चाकांवर येतो. आयुष्यात तू एका दमात इतकं बोललेला मला आठवत नाही. मी विचारलं, "आणि चाक मोडलं तर?"

"मोडत नसते, ताई. आपण कशाला बसलोय?"

असं म्हणाला होतास. मग आता उत्तर दे. पोळ्याच्या आधी रोहितनं त्याची चारही चाकं तुझ्याकडे आणून टाकली. तीन तू घासून तयार केलीस. चौथं उघडं केलंस आणि भिंतीकडे तोंड करून ठेवून दिलंस. काहून? गजाननला सांगितलं नाहीस, कविताला नाही, रोहितला तर नाहीच. "राहू दे तिकडं," एवढंच म्हणालास म्हणे. राहू दे म्हणजे काय? कोणासाठी राहू दे? त्यात काही खोट दिसली होती, की त्या दिवशी कंटाळा आला होता?

आणि मग पोळा झाल्यावर त्या सकाळी छातीत दुखतंय म्हणालास. पित्त आहे म्हणालास. कविता लिंबू-सोडा घेऊन आली तोवर तू नव्हतास. डॉक्टर म्हणाले, दुखणं आधीपासून असणार. असणारच. तेही तू कोणाला सांगितलं नव्हतंस. ही तुझी सवय मला कधीच आवडली नाही, आणि तू गेलास म्हणून ती आता मला आवडेल असं समजू नकोस.

पुढचं तुला माहीत नाही, ते ऐक.

खंडेनवमी आली. सुतक फिटलं होतं, पण तुझ्या घरात यंदा सण नव्हता. गजानन हिंगोलीला माझ्याकडे आला. आठवीत माझ्या वर्गात होता, अजूनही माझ्यासमोर हात मागे बांधून उभा राहतो. म्हणाला, "बाई, घरात नसू द्या सण. पर हत्यारं उपाशी ठेवू नयेत. दादाची हत्यारं हायत."

मी हो म्हटलं. मलाही वाटलं, शेडमध्ये दिवा लागू दे. त्यानं कंप्रेसर पुसला, भट्टी पुसली, जॅक, पाने, हातोड्या पोत्यावर मांडल्या आणि रोहितची चार उघडी चाकंही त्यांच्यात मांडली. कुंकू गोड तेलात कालवलं. बाजारातलं स्वस्त कुंकू, एकदा बोटाला लागलं की साबणानं जात नाही. प्रत्येक यंत्राला आणि प्रत्येक चाकाला त्यानं पाच पाच बोटं ओढली. तेल जास्त झालं होतं. ओघळ चाकांच्या आऱ्यांवरून आतपर्यंत गेले.

कविता दारात उभी होती. दरवर्षी ती बोटं तिची असायची. यंदा जमलेल्या बायकांपैकी एक म्हणाली, "तू लांबूनच हात जोड गं बाई." तिनं जोडले. त्या बाईला मी काय बोलले ते इथं लिहीत नाही. ती प्रसाद न घेता गेली एवढंच सांगते.

दसरा झाल्यावर गजाननानं काम पुढं सुरू केलं. चाकं थिनरनं पुसून लख्ख केली, पांढरी भुकटी उडवली, भट्टीत घातली. तीन चाकं दुधासारखी बाहेर आली. चौथ्याच्या आतल्या अंगाला, एका आऱ्याच्या मुळाशी, केसाएवढी लाल रेघ होती. त्याला वाटलं पुसायचं राहिलं. रंग उतरवला, पुन्हा पुसलं, पुन्हा भाजलं. रेघ परत आली, तिथंच. त्यानं आणखी एकदा करून पाहिलं, तेव्हा कविता चहा घेऊन शेडमध्ये आली होती. गजाननाच्या तोंडून निघून गेलं, "वहिनी, हे पाहा. पुसलं तरी येऊन राहिलं. दादा कुंकू धाडून राहिला."

तो म्हणतो, आपण सहज बोललो. सहज बोललेलंच नडतं.

कवितानं चहा खाली ठेवला, ते चाक दोन्ही हातांनी उचललं आणि घरात नेलं.

गजाननाचा फोन आला. "बाई, एक गोष्ट झाली. रागावू नका."

"झाली की केली?"

"झाली, बाई."

मी हिंगोलीहून पहिली जीप धरून गेले. चाक पाटावर होतं. शेजारपाजारच्या दोघीतिघी नारळ घेऊन बसल्या होत्या. खंडेनवमीला "लांबूनच हात जोड" म्हणणारी बाई सगळ्यांत पुढं. त्या गेल्यावर मी कविताला विचारलं, "हे काय मांडलंस?"

ती म्हणाली, "वन्सं, माझं कुंकू लोकांनी पुसलं. ह्यांनी परत पाठवलं."

सांग, यावर काय बोलायचं? आयुष्यभर मी मुलांना शास्त्र शिकवलं. तेल तापलं की पातळ होतं, जागा मिळेल तिथून बाहेर येतं, हे मला तेव्हाही ठाऊक होतं. पण ती माझ्याकडे अशी बघत होती की मी चहा पिऊन परत निघाले. म्हटलं, राहू दे चार दिवस. देव्हाऱ्यात बसलेलं चाक कोणाचं काय बिघडवतं?

परतीच्या जीपमध्ये मात्र डोक्यातून जाईना. पुसलेलं तेल परत येतं कुठून? वर राहिलेलं असतं तर पहिल्याच भट्टीत जळून गेलं असतं. दरवेळी त्याच जागी येतं म्हणजे तिथं ते साठून बसलं आहे. आणि साठायला जागा आहे. आपल्या आईच्या लोणच्याच्या बरणीला असाच नजरेला न दिसणारा चरा होता. बाहेरून कितीही पुसा, दुसऱ्या दिवशी तेलाची लाल रेघ तिथंच. आईनं त्या बरणीत नंतर मीठ भरलं.

उतरल्या उतरल्या गजाननला फोन केला. "ते चाक कोणाच्याही हातात द्यायचं नाही."

"व्हय, बाई."

त्याचं 'व्हय बाई' मला आठवीपासून माहीत आहे. गृहपाठ केला का, व्हय बाई.

काल सकाळी त्याचाच फोन. "रोहितशेठ आलेत. गाडी ट्रॅकवर न्यायची म्हनून राहिले. चौथं चाक बी मागतेत. वहिनी द्यायला तयार हायत."

"कविता? ती तर त्याला हात लावू देत नव्हती."

"रोहितशेठ म्हनले, हे चाक मी पुढं लावनार, डाव्या अंगाला. लाल रेघ तशीच ठेवा, वरून नुसतं बिनरंगी लॅकर मारा. काका माझ्यासंगं पळतील."

मी जीपची वाट पाहिली नाही, रिक्षा केली. मुकुंदा, हे लिहितानासुद्धा माझं डोकं तापतं. जे चाक तू बाजूला काढलंस, तेच तो पोरगा पुढे लावणार होता, जिथे सगळा भार येतो म्हणून तू मला समजावलं होतंस. आणि कशासाठी? तुझा आशीर्वाद म्हणून!

मी पोचले तेव्हा तिघंही शेडमध्ये होते. चाक अजून घरात पाटावरच होतं. मी गजाननला म्हटलं, "बाहेर आण." त्यानं कविताकडे पाहिलं. कविता म्हणाली, "आणा. आता जायचंच हाय त्याला." तिचे डोळे ओले होते, पण ती खूश होती. "त्यांना ट्रॅक लई आवडायचा, वन्सं. एकदाच जायला मिळालं."

"कविता, चाकाला तडा आहे."

रोहित मध्येच बोलला, "मॅडम, काकांच्या हातचं शेवटचं चाक आहे हे."

"काकांनी ते बाजूला ठेवलं होतं."

"शेवटी निवांत करू म्हणून ठेवलं असेल."

"निवांत करायचं चाक भिंतीकडे तोंड करून ठेवतात?"

"ते मला काय माहीत? तुम्हाला तरी कुठं माहीत आहे?"

खरं आहे. मला माहीत नव्हतं. हे ऐकावं लागलं तुझ्यामुळे.

गजाननानं तडजोड काढली. "बाई, तुमच्या मनात शंका हाय ना, आतून एक टाका वेल्डिंगचा मारतो. वरून काळा देतो. कोनाला दिसते?"

"दिसू नये म्हणूनच काळा ना? आणि जळगावच्या केळ्यासारखं वरून चांगलं, आतून नासलं असं चाक घेऊन हा पळणार?"

"पर रोहितशेठला तर काळाच पायजे होता आधीपासून."

मी त्यांना बरणीचं सांगितलं. तेलाचं सांगितलं. धातू तापला की काय होतं, थंड झाला की काय होतं, सगळं सांगितलं. रोहितचं म्हणणं, तडा असता तर दिसला असता, हा कुंकवाचा डाग आहे. मी म्हटलं, दिसतोच आहे, लाल रंगात दिसतो आहे. तर म्हणाला, "मग बाकीच्या तीन चाकांनाही कुंकू लावलं होतं की. त्यांच्यावर का नाही आलं?" मी म्हटलं, "बाळा, तेच तर मी सांगते आहे." आणि तिघंही माझ्याकडे नववीच्या मागच्या बाकासारखे पाहत राहिले. ऐकतात सगळं, आत काही जात नाही.

मग माझा तोल गेला. मी ओरडले, "अरे, बाजारात दहा रुपयांचं मडकं घेताना तरी वाजवून घेता ना? की त्यालाही हार घालून घरी आणता?"

तशी कविता उठली.

"मडकं वाजवायचं असलं तर मी वाजवते," ती म्हणाली. "आमच्या घरी मडकं मीच घेते. यांना कधी कळलं न्हाई त्यातलं."

गजाननानं आढ्याच्या लोखंडी दांडीला दोर बांधला आणि पहिलं चाक टांगलं. तुझी लाकडी हातोडी होती तीच तिनं घेतली. कानाजवळचा पदर मागे सारला. ठोका दिला. चाक वाजलं, मुकुंदा. चांगलं लांब वाजलं, ठोका देऊन झाला तरी सूर राहिला. दुसरंही तसंच. तिसरंही. प्रत्येक वेळी ती सूर विरेपर्यंत थांबायची आणि मान हलवायची, जसं कुंभाराला "हे ठेव" म्हणते तसं.

चौथं टांगलं. ठोका दिला. खट्ट, एवढंच. पुढे काही नाही.

तिनं दुसऱ्या बाजूनं ठोकलं. खट्ट. मग म्हणाली, "दोर बदला." चांगल्या चाकाचा दोर त्याला लावला. तिनं स्वतः गाठ तपासली. पुन्हा ठोकलं. आता ती सावकाश ठोकत होती, जणू आजारी माणसाला जागं करते आहे. चाक काही वाजलं नाही.

हातोडी तिनं खाली ठेवली. मला जिंकायचं नव्हतं रे. मला ते चाक गाडीला लागायला नको होतं, बस.

"फुटकं हाय," ती म्हणाली.

रोहितचा चेहरा उतरला होता. तरी म्हणाला, "काकू, पण वेल्डिंग करून..."

"रोहितभाऊ, फुटक्या मडक्याला लाख लावून आम्ही दाणे भरतो. पाणी न्हाई भरत. आन तुम्ही तर त्याच्या भरवशावर पळणार."

मग तिनं त्याला विचारलं, "चाक तुमचं हाय. तुम्हीच सांगा, काय करायचं. माझं ऐकाल तर कापून टाका. आख्खं राहिलं तर आज न्हाई उद्या कोणीतरी लावणारच."

हे माझ्या मनात होतं, पण तिच्या तोंडून येईल असं मला वाटलं नव्हतं. गजानन पुढे झाला. "वहिनी, पूजलेलं चाक हाय. त्याला ग्राइंडर कसा लावू?"

"गणपती पूजत न्हाई का आपण?" कविता म्हणाली. "मंग त्याचं विसर्जन करत न्हाई का?"

रोहितनं मान हलवली आणि म्हणाला, "कापा."

हार तिनं स्वतः काढला. गजाननानं चष्मा लावला, ग्राइंडर सुरू केला आणि त्याच आऱ्याच्या मुळातून पातं घातलं. ठिणग्या नाहीत, नुसती पांढरी भुकटी आणि कान फाडणारा आवाज. कविता जागची हलली नाही. दोन तुकडे झाले तेव्हा त्यानं एक उचलून उजेडाला धरला. तडा वरवरचा नव्हता. आऱ्याच्या अर्ध्याहून जास्त आत गेला होता, आणि जिथवर गेला होता तिथवर लाल होता.

रोहित थिनरच्या पालथ्या डब्यावर बसला आणि म्हणाला, "डावं पुढचं लावणार होतो."

"माहीत आहे," मी म्हटलं. कवितानं त्याला पाणी दिलं. गजानन ते तुकडे उलटेपालटे करत राहिला. थोड्या वेळानं उरलेल्या तीन चाकांवर हात ठेवून त्यानं रोहितला विचारलं, "ह्यांना काळा मारू का मंग?"

"नको," रोहित म्हणाला. "पांढरीच राहू द्या." या खेपेला ट्रॅकवर जात नाही म्हणाला. चौथं चाक मिळेल तेव्हा बघू. नवीन घेतलं तरी आधी इथं आणून वाजवून घेईन म्हणाला.

आता माझी तक्रार. तो गेल्यावर मी आणि कविता मागच्या पायरीवर बसलो. मला वाटलं, ती रडेल, मी तिच्या पाठीवरून हात फिरवीन. तर ती म्हणते, "वन्सं, म्हणजे खूण खरीच होती ना?"

"कसली खूण? तडा होता. तेलानं दाखवला."

"तेल कोणी लावलं?"

"गजाननानं."

"गजाननला हत्यारं पुजायला कोणी शिकवलं?"

बघ, मुकुंदा. मी पदवी घेतली तेव्हा ही जन्माला आली नव्हती, आणि हिनं मला गप्प केलं. मी मान्य केलेलं नाही. इथंही करत नाही. चिरेत तेल गेलं आणि तापल्यावर बाहेर आलं, एवढंच झालं. पण तिच्याशी वाद घालायला माझ्याकडे जोर उरला नव्हता, आणि कोणी मेलं नव्हतं.

एक मात्र मी तिला सांगितलं. म्हटलं, "कविता, तुला कुंकू लावायचं असेल तर लाव. नसेल लावायचं तर नको लावू. पण त्यासाठी कोणी मेलेल्या माणसानं निरोप धाडायची वाट पाहू नकोस. आणि कोणा बाईनं तोंड उघडलं तर तिला माझ्याकडे पाठव." तिनं पुढे काय केलं ते तुला सांगणार नाही. ते तिचं ती बघेल.

एवढं सगळं झालं, पण माझा प्रश्न तसाच राहिला. तुला माहीत होतं का? माहीत होतं तर एक शब्द टाकायला काय झालं होतं? गजाननला म्हणायचं, "हे फुटकं आहे." तीन शब्द. का तुला रोहितला नाराज करायचं नव्हतं? का आधी आपणच आणखी एकदा बघू, मग बोलू, असं वाटलं होतं? तू नेहमी तसंच करायचास, स्वतःची पुरती खात्री झाल्याशिवाय तोंड उघडायचं नाही. आणि माहीत नव्हतं, तर बाजूला का काढलंस? मी रात्रभर... नाही, खोटं कशाला लिहू, मी झोपले. पण आज सकाळपासून हेच चाललंय. लोकांना तुझं सगळं कळतं आणि मला ही एक गोष्ट कळत नाही. सगळ्यांत जास्त राग मला याचा आहे. तुझ्यावर रागावता येतं, पण तू उलट काही बोलत नाहीस, आणि अशा भांडणाची मला सवय नाही.

आपल्यात आधीही तू उलट बोलत नव्हतास म्हणा. पण निदान हसायचास.

आता कामाचं. शेड विकायचं म्हणून दोन जण विचारून गेले होते. विकणार नाही. गजानन रंगाचं आणि भट्टीचं बघेल. गिऱ्हाइकाशी बोलायचं, चाक ठेवून घ्यायचं की परत करायचं, हे कविता ठरवेल. आज सकाळी तिनं गजाननला सांगून आढ्याला कायमचा हूक बसवून घेतला. मला न विचारता. चांगलं केलं.

माझा शब्द एवढा. पाय चालतात तोवर दर आठवडी बाजाराला मी कळमनुरीला येईन आणि शेडमध्ये बसेन. कवितानं वाजवून नाही म्हटलेलं चाक त्या दारातून आख्खं बाहेर जाणार नाही. गिऱ्हाईक मोठं असो, लाडकं असो, की तुझं नाव सांगत येवो. आणि खोट सापडली की ती तिथल्या तिथं, मालकाच्या तोंडावर, मोठ्यानं सांगितली जाईल. मी स्वतः सांगेन. त्या बाबतीत मला सराव आहे.

तुझी ताई,
सुमन

काल वर्कशॉपमधून दिलेलं सामान: तयार पांढरी चाकं तीन, वाजवून पाहिलेली. मधल्या टोप्या चार. चाकाचे बोल्ट, डबीत. चौथं चाक कापलेलं, दोन तुकडे, तड्यासह. घेणार: रोहित, नांदेड. देणार: कविता.